ऐकणाऱ्या माणसांना गटात धरा

विद्यापीठांच्या मानसोपचार संशोधन गटांत काम करणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीनं मोबाइलवर मला एक जाहिरात दाखवली. एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पासाठी गोव्यात माणसं हवी आहेत. समुपदेशक हवेत, गावोगाव जाऊन प्रश्नावल्या भरून घेणारे हवेत आणि कोकणी-मराठी ध्वनिमुद्रणांचं ट्रान्सक्रिप्शन करणारे, म्हणजे ऐकून शब्दन् शब्द लिहून काढणारे हवेत. मुदत अकरा महिने. ‘आत्या, मी अर्ज करू?’ असं तिनं विचारलं. मला चटकन हो म्हणता येईना आणि नको म्हणायलाही जीभ रेटेना. त्यातल्या तिसऱ्या जागेवर मी स्वतः अडीच वर्षं काम केलं आहे. तिला उत्तर देण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

मी फोंड्याला राहते. शाळा मराठीतून झाली, घरात कोकणी. आमच्याकडे हे असंच असतं. बोलतो एका भाषेत, वाचतो दुसऱ्या भाषेत. त्यामुळेच मला ते काम मिळालं. गटात मला कोणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगते. प्रकल्पाचं किंवा संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते एका गटापुरतं नाही.

तुमच्या क्षेत्रात गोव्याचं नाव आदरानं घेतलं जातं, हे खुद्द गोव्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९९६ साली इथं सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ प्रश्न हातात घेतला. मनोविकारतज्ज्ञ इतके कमी आहेत, तर गावातल्याच साध्या माणसाला नीट शिकवून नैराश्यातल्या माणसाशी बोलायला बसवलं, तर उपयोग होतो का? ‘मानस’ नावाची चाचणी २४ दवाखान्यांत झाली, १२ सरकारी आणि १२ खासगी, आणि तिचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर दुसरी चाचणी झाली, ती २०१७ साली छापून आली. फक्त डॉक्टरांकडचे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना जोडीला आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी मिळाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होतं. भेट घेणाऱ्यांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. प्रशिक्षण घेतलेली, इथलीच भाषा बोलणारी ती माणसं होती.

मी ज्यात होते तो प्रकल्प यांपैकी नव्हता, खूप लहान होता. पण रीत तीच होती. म्हणून ३९ आणि ६४ हे आकडे कुठं वाचले की मला तक्ता दिसत नाही. आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूची खोली दिसते. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर रेकॉर्डर, आणि कदंबच्या बसमधून उतरून ओल्या छत्रीसकट आलेली एक मुलगी.

ट्रान्सक्रिप्शनचं काम कसं चालतं हे तुमच्यातल्या ज्येष्ठांनी केव्हा तरी स्वतः करून पाहिलं असेल, असं मी धरून चालते. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पाय उचलला की आवाज थांबतो आणि दोन सेकंद मागे येतो. चाळीस मिनिटांच्या भेटीला मला साडेपाच-सहा तास लागत. प्रत्येक ‘हूं’, प्रत्येक अर्धवट सोडलेलं वाक्य लिहायचं. रडणं आलं की कंसात ‘रडणे’. कोणी गप्प झालं की ‘विराम’ आणि पुढं सेकंद. चौदा सेकंदांचा विराम वाचायला काहीच वाटत नाही. तो ऐकताना पायाचा अंगठा पेडलवर आखडून जातो. पलीकडं श्वास चालू आहे, समुपदेशिका काही बोलत नाही, बोलू नये असंच तिला शिकवलेलं आहे, आणि ती जर बोलली तर पुढचं वाक्य कधीच येणार नाही, हे आपल्यालाही कळत असतं.

मागे आरोग्य केंद्राचं जग सुरूच असतं. नर्स नंबर पुकारते, ड्रेसिंगच्या खोलीत पोर किंचाळतं. जुलैत पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की पानभर ‘अस्पष्ट’ लिहावं लागतं. भेट घरी झाली असेल तर तिन्हीसांजेला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, आणि बोलणारं माणूस ‘पाव घेऊन येतो’ म्हणून उठून जातं. रेकॉर्डर चालूच राहतो. दोन-तीन मिनिटं नुसती रिकामी खोली ऐकू येते. मग माणूस परत येतं, पावाची पिशवी ठेवल्याचा आवाज होतो, आणि इतका वेळ जे टाळलेलं असतं ते नेमकं तेव्हा बोललं जातं. असं मी एकदा नव्हे, कितीदा तरी ऐकलं. काय बोललं गेलं ते इथं लिहिणार नाही. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे, आणि ती नसती तरीही लिहिलं नसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एका माणसाबरोबरच्या आठ भेटी तबकड्यांवर मुद्रित करून १९४२ साली शब्दन् शब्द छापल्या. त्याआधी बंद खोलीत काय घडलं हे उपचार करणाराच मागाहून आठवून लिहायचा. तिथून पुढं तुमच्या शास्त्राला खोलीतलं खरं बोलणं तपासता आलं. समुपदेशक मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणे बोलला का, समोरच्याला विश्वास कुठं वाटला, कुठं तो मिटून गेला, हे सगळं तुम्ही वाचता ते आमच्यासारख्यांनी ऐकून लिहिलेल्या कागदांवर. शब्द चुकला तर तुमचा निष्कर्ष चुकतो.

माझ्या हातून असा एक शब्द चुकला आहे. तो सांगते, कारण तो कोणा एकाचा नाही, आमच्या गावांत दर दुसऱ्या तोंडी असतो. खंत. मराठीत खंत म्हणजे एखादी गोष्ट केली किंवा राहून गेली याची मनाला लागलेली टोचणी. कोकणीत खंत म्हणजे दुःख, मन भरून येणं. त्यात स्वतःला दोष देणं असेलच असं नाही. मी कोकणी ऐकत होते आणि डोक्यातली मराठी मला पुढं ढकलत होती. इंग्रजी भाषांतरात मी दर वेळी पश्चात्तापाच्या जवळचा शब्द घातला. कितीतरी दिवसांनी एका समुपदेशिकेनं माझे कागद सहज चाळले आणि म्हणाली, ‘अगो, ही बाई स्वतःला बोल लावत नव्हती, तिला नुसतं वाईट वाटत होतं.’ तोवर विश्लेषण करणाऱ्यांनी त्या जागांवर अपराधभावाची खूण केलेली होती. नैराश्यात स्वतःला दोष देणं हे वेगळं लक्षण आहे, प्रश्नावलीत त्याचा वेगळा प्रश्न आहे. म्हणजे माझ्या एका शब्दानं माणसांच्या अंगाला नसलेलं लक्षण चिकटवलं होतं. मी सगळ्या फाइली उघडून ते दुरुस्त केलं. पण ती समुपदेशिका आणि मी एका टेबलाशी बसलो हा निव्वळ योगायोग होता. तिची खोली वेगळी, माझी वेगळी, आणि आठवड्याच्या बैठकीला मला बोलावत नसत. बोलावलं असतं तर पहिल्याच महिन्यात हे उघड झालं असतं.

ती बैठक म्हणजे तुमच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट, जरी मी ती दारातूनच पाहिली. समुपदेशक एकत्र बसत, एकीचं ध्वनिमुद्रण लावत, सगळ्या मिळून ऐकत, गुण देत, कुठं घाई केलीस, कुठं छान थांबलीस ते सांगत. गोव्यातल्या चाचण्यांमध्येही अशीच पद्धत होती, सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांचं ऐकायचं. त्यात शिकणं तर होतंच, शिवाय एक फार मोठी सोय होती. आठवडाभर ऐकलेलं मनातून बाहेर काढायला जागा मिळायची. मुली बैठकीत रडायच्या आणि चहा पिऊन हलक्या होऊन जायच्या. मी तेच सगळं ऐकलेलं असे, एकेक वाक्य चार-चारदा ऐकलेलं असे, आणि पाच वाजता हेडफोन काढून ठेवून बसस्टॉपवर जाई.

आता नवव्या प्रश्नाचं सांगते. नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुम्हाला तोंडपाठ आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती दिवस वाटलं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा. एका शुक्रवारी उशिरापर्यंत बसून मी एक फाइल संपवत होते. त्या प्रश्नाला उत्तर ‘जवळजवळ रोज’ असं आलं. पुढं समुपदेशिकेनं जे करायचं ते अगदी नीट केलं. आवाज न बदलता विचारलं, घरी कोण आहे ते विचारलं, वरिष्ठांना कळवते असं सांगून परवानगी घेतली. मग भेट संपली, रेकॉर्डर बंद झाला. फाइलवरची तारीख पाहिली तर ती तीन आठवड्यांपूर्वीची होती.

त्या तीन आठवड्यांत काय झालं असेल? त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी समन्वयकांना फोन केला. ते मायेनंच बोलले. ‘प्रोटोकॉलप्रमाणे सगळं झालंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ते तुमचं काम नाही.’ माणूस बरं आहे की नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. कदाचित गोपनीयतेमुळे सांगता येत नसेल. मी पुन्हा विचारलं नाही. पुढचे दोन महिने रोज फाइलींचे कोड क्रमांक पाहताना माझं काळीज वरखाली व्हायचं. आणि एका सोमवारी नव्या गठ्ठ्यात तो क्रमांक आला. मी हेडफोन चढवला, पेडल दाबलं. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज, मग तोच आवाज, पावसाबद्दल काहीतरी साधंच बोलणारा. मी पेडलवरचा पाय काढला आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. समोरच्या टेबलावरच्या मुलाला वाटलं माझ्या घरी काही झालं.

फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ पुरली असती. ‘जोखमीची नोंद झाली, पाठपुरावा झाला, माणूस सुखरूप.’ नाव नको, गाव नको, काही नको. ही एक ओळ घालायला तुम्हाला कुठला निधी लागत नाही. तुमच्या नव्या प्रकल्पात ती पहिल्या दिवसापासून घाला, ही माझी पहिली मागणी आहे, आणि सगळ्यांत कळकळीची.

समुपदेशक मुलींबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धंच राहील. मॅन्युअल परदेशात लिहिलेलं असतं किंवा परदेशातल्या मॅन्युअलवरून बेतलेलं असतं. नैराश्यातला माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडलेल्या गोष्टींमुळे आणखी खोल जातो, म्हणून त्याला लहान-लहान कामांकडे परत आणायचं, ही त्यातली कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण उदाहरणादाखल बागेत फेरफटका मारा, मित्राला फोन करा असं लिहिलेलं असतं. ‘म्हाका कितेंच करचेंशें दिसना’ म्हणणाऱ्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला बागेत फेरफटका म्हणजे काय कळणार? ह्या मुलींनी तिथं कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला पाणी सोडणं घातलं, देवळातलं भजन घातलं, चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान गोळा करायला पुतण्याबरोबर रानात जाणं घातलं. कोणता माणूस कशानं हलेल हे त्यांना कळायचं, कारण त्या त्याच पाण्यावर वाढल्या होत्या. लेखात हे ‘स्थानिक अनुकूलन’ ह्या दोन शब्दांत येतं. ते करणाऱ्यांची नावं, आलीच तर, शेवटी आभारात, ‘आणि आमच्या सर्व समुपदेशकांचे’ इतकीच.

आणि करार संपला की? शेवटच्या दिवशी ओळखपत्र, टॅब आणि सिमकार्ड जमा करायचं. ते सिमकार्ड मला अजून विसरता येत नाही. दीड वर्ष लोक ज्या नंबरवर फोन करत होते, तो त्या संध्याकाळी बंद झाला. एका समुपदेशिकेला पुढं म्हापशाच्या बाजारात एकजण भेटला. तो म्हणाला, ‘बाय, तुका फोन केल्लो, लागलोच ना.’ त्यानं रागानं म्हटलं नाही. ती मला हे सांगताना सारखी माझ्याकडं न बघता पदराचं टोक पिळत होती. ती आता एका दुकानात हिशेब लिहिते. तिला चौदा सेकंद गप्प बसता येतं. हे शिकवायला तुम्ही किती महिने खर्च केले होते, ते तुम्हीच आठवा.

आता सोयी वाढल्या आहेत हे मला मान्य आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी व्यवस्थेतून मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, आणि तो माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. तुम्हीही निरोपाच्या भेटीत तो द्यालच. पण ज्या माणसानं सहा आठवडे एका चेहऱ्यासमोर बसून तोंड उघडलं, त्याला नुसता क्रमांक देऊन उठणं बरोबर नाही. बंद होणारा फोन निदान सहा महिने कोणाच्या तरी हातात चालू ठेवा. प्रकल्पाचा आराखडा लिहितानाच आरोग्य खात्याशी बोला, की यातले किती समुपदेशक त्याच केंद्रांत पुढं राहू शकतील. निष्कर्ष आल्यावर ही बोलणी सुरू होतात तेव्हा मुली दुसरीकडं कामाला लागलेल्या असतात. तुमच्याही नोकऱ्या निधीवरच चालतात, पीएचडी करणाऱ्या मुलांचे हाल मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे सगळं तुमच्या हातात नाही हे जाणते. जे हातात आहे तेवढंच मागते आहे.

ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्यांना आठवड्याच्या बैठकीत खुर्ची द्या. मोबदला ध्वनिमुद्रणाच्या मिनिटांवर मोजण्याऐवजी कामाच्या तासांवर द्या, म्हणजे जड फाइल घाईनं उरकावी लागणार नाही. एका दिवसात किती भेटी ऐकायच्या याला मर्यादा घाला. ज्यांनी शब्द निवडले आणि कामं सुचवली, त्यांना लेखकांच्या यादीत घेण्याचा विचार करा, निदान नावानिशी उल्लेख करा. आणि निष्कर्ष सांगायचा कार्यक्रम पणजीच्या सभागृहात इंग्रजीतून होईलच, तो होऊ दे. पण त्याच आठवड्यात ज्या आरोग्य केंद्रांतून माणसं घेतली तिथंही तो एकदा कोकणी-मराठीतून होऊ दे. आमच्या वेळी पणजीचा झाला. मी मागच्या रांगेत होते. पडद्यावर एक वाक्य उद्धृत केलं होतं, वयासकट आणि ‘स्त्री, ग्रामीण’ असं लिहून. ते मी भाषांतर केलेलं वाक्य होतं. लोकांनी माना हलवल्या. ज्या बाईचं ते होतं तिला आपलं वाक्य पणजीपर्यंत पोचल्याचं कोणी सांगितलं नसणार.

भाचीनं अर्ज भरून ठेवला आहे. ती चांगलं ऐकते. लहानपणापासून आजीची तीच तीच गोष्ट तिनं कधी अर्ध्यावर तोडली नाही. तुम्हाला अशीच माणसं हवी असतात. अर्जाची मुदत या महिनाअखेरची आहे. त्याआधी वरच्या गोष्टींतल्या कोणत्या तुमच्या नव्या प्रकल्पात असतील आणि कोणत्या नसतील, एवढं कळवा. उत्तर मराठीत किंवा कोकणीत असलं तर बरं, म्हणजे ते मी तिच्या आईलाही वाचून दाखवू शकेन.

आपली,
पूर्वी ट्रान्सक्रिप्शन करणारी एक,
फोंडा, गोवा